फांदीआडचा शनी

आमच्या बगीच्यात दक्षिणेच्या भिंतीला लागून एक आंबा आहे, नानांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी लावलेला, आणि गेली चार वर्षं मी त्याच्या शेंड्यावरून शनी मोजतेय. मोजतेय म्हणजे खरंच मोजतेय, वही आहे माझी. तारीख, वेळ, हवा कशी होती, आणि शनी शेंड्याच्या किती वर होता किंवा किती आत पानांत होता, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश झाकले जातात, करंगळीने एक अंश. तेवढ्यावर माझं भागतं.

बगीचा म्हणजे फार मोठा नाही. इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतलं घर, समोर ओटला, बाजूला पारिजातक, जास्वंद, तुळस, पावसाळ्यात सोनटक्का, आणि मधे एक पलंग मावेल एवढी हिरवळ. पूर्वेला शेजाऱ्यांची तीन मजली बिल्डिंग, पश्चिमेला त्यांच्या पलीकडच्यांची पाण्याची टाकी, उत्तरेला आमचंच घर. म्हणजे आकाश मिळतं ते डोक्यावरचं आणि दक्षिणेचं, आणि दक्षिणेला आंबा.

सुरुवात गच्चीवर झाली होती, २१ डिसेंबर २०२० ला. त्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले होते की दोघांमधे फक्त सहा कला अंतर, म्हणजे चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाचवा हिस्सा. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. कोविडचे दिवस, कुठे जाणं नाही, कोणाचं येणं नाही, आम्ही सगळे गच्चीवर उभे, आणि नैऋत्येला क्षितिजाजवळ तो जोडतारा. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने विचारलं, आई, त्यातला कडीवाला कुठला? मी म्हटलं वरचा असेल, नाही, खालचा. मला माहीतच नव्हतं. चाळिशी ओलांडलेली बाई, रोज देवघरात नवग्रहांचा श्लोक म्हणते, आणि दोन ग्रह समोर उभे असताना कोण कुठला ते सांगता येत नाही, ते मला फार लागलं.

टेलिस्कोप २०२१ च्या उन्हाळ्यात आला. सहा इंची डॉब्सोनियन, दीडशे मिलिमीटरचा आरसा, बाराशेची फोकल लेंग्थ, म्हणजे आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर. मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, लाकडी बैठकीवर ठेवलेली लांब नळी, हाताने ढकलायची. जॉन डॉब्सन नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेत हा प्रकार रूढ केला, सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून चंद्र आणि ग्रह दाखवायचे, आणि कोणालाही घरी बनवता यावी इतकी साधी दुर्बीण त्यांना हवी होती. पंचवीसचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की ४८ पट, दहाचा लावला की १२० पट, त्यावर बार्लो नावाचं दुप्पट करणारं भिंग चढवलं की २४०. सुरुवातीला मला वाटायचं २४०च लावावा नेहमी. आता तो महिन्यातून एखाद्या वेळी डब्यातून बाहेर निघतो.

पहिलं वर्ष आम्ही ती नळी उचलून गच्चीवर न्यायचो. गच्ची म्हणजे उंच, मोकळी, चारी बाजूंनी आकाश, दुर्बीण लावायची जागा दुसरी कुठली असणार. आणि ऑक्टोबरात गुरू लावला की तो नुसता उकळायचा. चहाच्या पातेल्याच्या तळाशी नाणं टाकलं आणि वरून बघितलं तर ते कसं दिसेल, तसा. कडा थरथरतायत, पट्टे मधेच दिसतात मधेच पुसले जातात, फोकस फिरवून फिरवून बोटं दुखायची. मला वाटलं आरशातच दोष आहे, दुकानदाराला दोनदा फोन झाले, आरशाचं कोलिमेशन, म्हणजे आरसे बरोबर रेषेत आणणं, मी स्वतः तीनदा केलं. शेवटी पुण्याला मावसभावाला फोन केला, तो तिथल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जातो, १९४४ पासून चालू असलेली हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे ती. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तू उभी कुठे असतेस गं? म्हटलं गच्चीवर. तो म्हणाला, आधी खाली उतर.

कारण इतकं साधं आहे की सांगितल्यावर वाटतं आपल्याला कसं सुचलं नाही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते परत करत बसतो. उन्हाळ्यात गच्चीवर अनवाणी चाललेल्या माणसाला हे शिकवायला नको. ती गरम हवा वर चढत असते, थंड हवेत मिसळत असते, आणि आपण नेमके त्यातूनच ग्रह बघत असतो. वर आणि शेजाऱ्यांच्या एसीची युनिटं. माती आणि गवत मात्र सूर्य मावळला की लवकर निवतं. जुने लोक मालव्याच्या रात्रीचं जे कौतुक करतात ना, दिवस कितीही तापू दे रात्र गार, ते गवतावर बसलं की कळतं, स्लॅबवर बसून कळत नाही. दुर्बीणही निवावी लागते, मी स्वयंपाकाला लागण्याआधी ती बाहेर काढून ठेवते, जेवणं होईपर्यंत आरसा बाहेरच्या हवेइतका गार झालेला असतो.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण शहरातले खूप लोक याच गैरसमजाने दुर्बीण घेत नाहीत. ग्रह बघायला काळोख लागत नाही. तेजोमेघ बघायचे, दीर्घिका बघायच्या तर इंदूर सोडून लांब जावंच लागेल. पण गुरू, शनी, शुक्र, मंगळ मुळात इतके तेजस्वी की आमच्या गल्लीच्या एलईडी लाइटखालीही तेवढेच छान दिसतात. लागते ती स्थिर हवा. तारे खूप लुकलुकतायत, अगदी हिऱ्यासारखे चमकतायत, अशी रात्र बघून लोक म्हणतात आज काय मस्त आकाश आहे. ती रात्र ग्रहांसाठी बहुतेक वाया गेलेली असते. थंडीत उत्तर भारताच्या खूप वरून पश्चिमेचे जोराचे वारे वाहतात, तेव्हा आकाश काचेसारखं आणि गुरू मात्र थरथरता, असं खूपदा होतं. उलट किंचित धूसर, मंद, वारा पडलेली, डास चावणारी रात्र असते ना, ती सोन्याची.

आणि तशा रात्रीही चित्र एकदम मिळत नाही. डोळा लावून बसावं लागतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. मधेच हवा एक-दोन सेकंद थांबते, कोणीतरी पाण्यावरचा तरंग हाताने दाबून धरल्यासारखी, आणि त्या दोन सेकंदांत गुरूच्या पट्ट्याच्या कडेला अशा गाठी, असे निळसर धागे दिसतात की माणूस श्वास घ्यायला विसरतो. मग परत थरथर. मग परत बसायचं. मला वाटतं या दोन सेकंदांसाठीच मी हे करते. फोटोत सगळं एकदम आणि कायमचं मिळतं, तिथे वाट बघावी लागत नाही, आणि ज्याची वाट बघितली नाही ते माझ्या तरी डोळ्यांत राहत नाही.

तर २०२२ पासून आम्ही खाली बगीच्यात. आणि पहिल्याच दिवाळीत आंब्याशी गाठ पडली.

शनी बरोबर दक्षिणेला येतो, म्हणजे त्या रात्रीतला सगळ्यात उंच असतो, तेव्हा तो बघायला सगळ्यात चांगला, कारण हवेचा थर कमीत कमी. २०२२ च्या दिवाळीत ही वेळ संध्याकाळी साडेसातची, एकदम सोयीची. पण तेव्हा शनी मकर राशीच्या तारकांमधे होता, आकाशात बराच दक्षिणेला, त्यामुळे सगळ्यात उंच म्हणजे जेमतेम ५१ अंश. आणि घराच्या भिंतीला अगदी पाठ टेकून बसलं तरी आमच्या आंब्याचा शेंडा पंचावन्नच्या आसपास जातो. म्हणजे नेमक्या चांगल्या वेळी शनी चार बोटं पानांत. पानांतून तो मधेच चमकायचा, मी नळी ढकलायची, गेला. कडी त्या वर्षी चांगली उघडलेली होती, ताटलीसारखी तिरकी, आणि मला ती पानांच्या फटीतून बघावी लागायची.

मी म्हटलं वरची एक फांदी काढू या, फक्त एक. माळी पण म्हणाला निघेल. आई (सासूबाई, पण मी आईच म्हणते) एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, नानांनी कलम आणलं तेव्हा ते माझ्या गुडघ्याएवढं होतं, त्यांनी त्याला पाणी घातलंय पहिली तीन वर्षं, रोज ऑफिसला जाण्याआधी, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. एवढंच. तू काढू नकोस असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मग मी कशी काढणार. मला राग आला होता हे खरं. दोन दिवस मी मनात हिशेब करत होते की मेलेलं माणूस, जुनं झाड, आणि माझी ही एवढीशी हौस, यात माझ्याकडे काहीच कसं येत नाही.

त्याच थंडीत आम्ही उज्जैनला गेलो, इंदूरहून पंचावन्न किलोमीटर, महाकालाचं दर्शन झालं आणि मुलीच्या हट्टाने वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंगाने बांधलेल्या पाचांपैकी ही एक, दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन. अठराव्या शतकात तो माळव्याचा सुभेदार होता, आणि पंचांगाची शून्य रेखा पूर्वीपासून उज्जैनवरूनच धरायचे, त्यामुळे इथे वेधशाळा हवीच होती. पुढे ती मोडकळीला आली, १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. लहानपणी शाळेच्या ट्रिपला मी तिथे येऊन गेले होते, सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, पायऱ्या तेवढ्या लक्षात होत्या.

ह्या वेळी मी भित्ती यंत्रापुढे थांबले. भित्ती यंत्र म्हणजे शब्दशः एक भिंत. बरोबर उत्तर-दक्षिण उभी केलेली. सूर्य किंवा ग्रह ती रेषा ओलांडतो त्या क्षणी तो किती उंच आहे, ते तिच्यावरच्या खुणांनी वाचायचं. भिंग नाही, आरसा नाही. भिंत हलत नाही आणि ग्रह हलतो, एवढ्या एका गोष्टीवर ते सगळं उभं आहे. रोज, वर्षानुवर्षं, तीच भिंत, तीच जागा, आणि वहीत आकडा. मी तिथे उन्हात उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा आंबा. दक्षिणेला. हलत नाही. आता जुना झालाय, फारसा वाढतही नाही.

वही तेव्हापासूनची. २०२३ च्या दिवाळीत शनी शेंड्याच्या करंगळीभर आत, म्हणजे वरच्या पानांतच, वारा आला की दिसायचा. २०२४ ला तीन बोटं वर, पूर्ण मोकळा. २०२५ ला जवळजवळ एक मूठ वर. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात हे मी शाळेत पाठ केलं होतं, एका राशीत अडीच वर्षं हे तर घरात रोज कानावर पडतं. पण तो खरंच चाललाय, मकरेतून कुंभेत, कुंभेतून मीनेकडे, आणि जाता जाता दरवर्षी आमच्या आंब्याच्या वर वर सरकतोय, हे मी पहिल्यांदा माझ्या बोटांनी मोजलं. फांदी कापली असती तर २०२२ चा शनी मला नीट दिसला असता, आणि हे दिसलं नसतं.

पण जसजसा तो पानांतून बाहेर आला तसतशी त्याची कडी मिटत गेली. शनीचा अक्ष कललेला आहे, तो आपल्या वाटेवर फिरतो तसा आपल्याला कधी कडीचा वरचा चेहरा दिसतो, कधी खालचा, आणि मधे साधारण पंधरा वर्षांनी एकदा ती आपल्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत येते. २३ मार्च २०२५ ला तसं झालं, पण तेव्हा शनी सूर्याच्या अगदी जवळ होता, बघता येण्यासारखं नव्हतं. मग नोव्हेंबरात ती परत जवळजवळ तितकीच आडवी झाली. पावणेतीन लाख किलोमीटर रुंद कडी आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर, आमच्या गल्लीतल्या बिल्डिंगांएवढी. कडेवरून बघितलं तर उरणार काय, एक सुई. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना कानासारखं काहीतरी बघितलं होतं, आणि १६१२ मध्ये ते नाहीसं झालं तेव्हा तो चक्रावून गेला, शनीने आपली मुलं गिळली की काय असं त्याने लिहून ठेवलंय. ती कडी आहे हे हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने सांगेपर्यंत १६५९ उजाडलं.

त्या नोव्हेंबरात शेजारच्या भाभी आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आल्या. मुलांनी पुस्तकात बघितलेला शनी डोक्यात घेऊन डोळा लावला. मोठा म्हणाला, "आंटी, रिंग तो है ही नहीं." मला खूप वाईट वाटलं, त्याच्यासाठी. मी त्याला आयपीसपाशी बसवलं आणि म्हटलं उठायचं नाही, दोन्ही बाजूंना बघत राहा. तीन-चार मिनिटं गेली. मग तो ओरडला, "लाइन है! दोनों तरफ लाइन है!" आणि गोळ्यावर मधून गेलेली काळी बारीक रेघही त्यानेच शोधली, ती कडीची सावली. बाजूला टायटनचा, शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राचा, ठिपका होता, तोही त्यालाच आधी दिसला. त्यानंतर तो तीन रात्री येत होता.

आई तोपर्यंत कधी दुर्बिणीपाशी आल्या नव्हत्या. शनिवारी जुन्या इंदूरच्या शनिमंदिरात जातात, तेल वाहतात, घरी येऊन पोथी वाचतात, उज्जैनच्या विक्रम राजाला शनिमहाराजांनी कसं तेल्याच्या घाण्यावर बसवलं ती गोष्ट वाचताना अजूनही आवाज भरून येतो त्यांचा. रास मीन, साडेसातीचा मधला टप्पा चालू. मी कधी आग्रह केला नव्हता, कारण मला वाटायचं त्यांच्या शनीला माझ्या नळीतून बघणं त्यांना आवडणार नाही. त्या रात्री मुलांचा आरडाओरडा ऐकून शाल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मलाही बसव.

चष्मा काढला, एक डोळा मिटता येत नव्हता तो मी हाताने झाकला. बराच वेळ बघत होत्या. मी विचारलं दिसतोय का. म्हणाल्या, "अगं, किती लहान आहे गं." मग थोडं थांबून, "आणि किती शांत." मी त्यांना सांगितलं की हा उजेड तिथून सव्वा तासापूर्वी निघालाय, आपण जेवायला बसलो होतो ना तेव्हा. त्यावर काही बोलल्या नाहीत. कडी आडवी झालीय हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे आज शृंगार उतरवलेला आहे." उठताना त्यांनी आयपीसला नाही, वर आकाशाकडे बघून नमस्कार केला, भाद्रपदा नक्षत्रांच्या चौकोनाच्या खाली जो पिवळट तारा होता, त्याला. बरोबर ओळखला.

आता हे लिहितेय तेव्हा जानेवारी २०२६ आहे. शनी संध्याकाळी पश्चिमेला टाकीआड जायला लागलाय आणि रात्र गुरूची आहे. १० तारखेला गुरूची प्रतियुती झाली, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोर आला, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ आहे तो, आणि आकाशातल्या विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ बावीस अंशांवर. इंदूर पण साधारण पावणेतेवीस अक्षांशावर. त्यामुळे मध्यरात्री गुरू आमच्या बगीच्याच्या बरोबर डोक्यावर येतो, अंशभराचा फरक. आंब्याचा प्रश्नच नाही. डॉबची नळी सरळ उभी केली की ती बाजूला वळवताना जीव जातो, पण माझी तक्रार नाही, याहून कमी हवेतून गुरू बघायला मिळणारच नाही. तांबडा डाग म्हणतात तो माझ्या सहा इंचीत फिकट बदामी दिसतो, अर्धा तास बसलं तर सरकलेला कळतो, कारण दहा तासांच्या आत गुरू स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. मुलगी आता चौदाची, ती रोज चार चंद्रांचे ठिपके वहीत काढते. ह्यातल्या आयोची ग्रहणं कधी लवकर कधी उशिरा होतात हे बघून रोमर या खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये सांगितलं की उजेडालाही यायला वेळ लागतो, हे तिने वाचलं आणि तिला आता स्वतः ते करून बघायचंय. करू दे.

परवा संक्रांतीला तिळाच्या वड्या करताना आईंनी विचारलं, त्यांचा शृंगार परत कधी? मी वही आणली. कडी हळूहळू उघडेल, २०३२ च्या सुमाराला सगळ्यात जास्त उघडलेली असेल. आणि तेव्हा शनी वृषभ-मिथुनेत असेल, म्हणजे आज गुरू आहे तिथेच जवळपास, आपल्या डोक्यावर. गुरू तेव्हा खाली दक्षिणेला गेलेला असेल, तो पानांत.

आई बोटांवर मोजत होत्या. मी पण मनात मोजलं, आणि दोघी काही बोललो नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही फांदी आड येणार नाही."

म्हटलं, नाही येणार.

"मग गुरूसाठी पण राहू दे," म्हणाल्या, आणि वड्या थापायला लागल्या.